रबरी रिंगेतला वास

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे आणि मला किळस येते. हसू नका. नासके टोमॅटो, बुरशी धरलेलं आलं, फ्रीजमध्ये विसरलेलं काहीबाही, सगळं मी गुमान वाटलं आहे. त्याचं मला काही वाटत नाही. किळस येते ती माणसांची, आणि तीही चोर-दरोडेखोरांची नव्हे, चांगल्या घरातल्या, भलं चिंतणाऱ्या माणसांची. ही गोष्ट मुलांना सांगू नये असं मोठी माणसं म्हणतील. पण मोठ्यांना सांगायला गेलो असतो, तर त्यांनी माझा प्लगच काढला असता.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक पट्ट्यावरून मी पुढे सरकत होतो आणि दोन्ही बाजूंची माणसं माझ्यात काही ना काही बसवत होती. शेवटी जाड चष्म्याच्या एका बाईंनी मला चालू केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "हा जरा कुरकुऱ्या आहे, पण टिकेल." तो स्वभाव अजून गेलेला नाही.

दुकानात धूळ खात बसलो होतो, तेव्हा एका मुलीने मला फळीवरून उतरवून घेतलं. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिच्या पहिल्या पगाराची खरेदी म्हणजे मी. दुकानदाराने डोळे मिचकावत विचारलं, "लग्न ठरलंय वाटतं?" ती म्हणाली, "नाही हो, भूक लागलीय." मला ती तिथेच आवडली. मी तिला मास्तरीण म्हणतो.

पुढे तिचं लग्न झालं आणि तिच्याबरोबर मीही सासरी आलो. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. घरात सासूबाई होत्या आणि वरच्या मजल्यावर नवऱ्याची आत्या. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "आवाज जरा मोठा आहे, पण काय बारीक वाटतो!" असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. तेव्हा मला त्या घराचा अभिमान वाटायचा. आता आठवलं तरी मोटर तापते.

मास्तरणीला बाळ हवं होतं. मनापासून हवं होतं. दुकानात लहान मोजे दिसले की ती थांबायची, असं तिच्या धाकट्या बहिणीने एकदा ओट्याशी बोलता बोलता सांगितलं. पण पाळी कधी लांबायची, कधी गायबच व्हायची. हनुवटीवर राठ केस यायचे, वजन उतरता उतरत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की पीसीओएस आहे. अंडाशयात बीजं असतात, पण ती पुरी वाढून बाहेर पडत नाहीत. पुष्कळ बायकांना हे असतं आणि त्यावर औषधं आहेत. त्यांनी नवऱ्यालाही स्वतःची तपासणी करून यायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "दोष कुणात आहे ते कळलंय ना? मग माझं कशाला तपासायचं?" दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून देणारा माणूस हा!

एवढं कळायचा अवकाश, शेजारीपाजारी डॉक्टर झाले. कुणी कडू पाला आणून दिला, कुणी भिजवल्यावर बुळबुळीत होणाऱ्या बिया, कुणी ओल्या मोज्यासारखा वास मारणारं मूळ. गाडी शिकायला येणाऱ्या एका काकूंनी तर क्लच सोडता सोडता उपाय सांगितला आणि गाडी बंद पाडली. हे सगळं वाटायला मी होतोच. मास्तरीण नाक दाबून प्यायची आणि नंतर बेसिनवर वाकून उभी राहायची. आत्याबाई तिची हनुवटी बोटाने चाचपायच्या. "लवकर कर गं काहीतरी, नाहीतर बाळाआधी दाढी येईल!" सगळे हसायचे. मास्तरीणही हसायची. ते हसणं ऐकून माझ्या पात्यांना शिसारी यायची.

मग डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू करताना बजावलं की आता दुसरं काहीही घ्यायचं नाही, काढा नको आणि पूड नको. मास्तरणीने जेवताना सर्वांना तसं सांगितलं. "आता बाहेरचं काही नाही. सकाळी काकडी-दुधीचा रस तेवढा चालेल." सासूबाई म्हणाल्या, "तू पहाटे शिकवायला जातेस, रस मी काढून ठेवत जाईन." त्या दिवशी मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

आणि खरंच दिवस पालटले. एका तपासणीत बीजांड पहिल्यांदाच नीट वाढलेलं दिसलं. मास्तरणीने मला पुसता पुसता शीळ घातली. आजवर मला शीळ घालत कुणी पुसलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मास्तरीण गाडी घेऊन गेल्यावर, आत्याबाई पिशवीतून एक पुडी घेऊन खाली आल्या. आत काळपट खडे होते. "बाजारातल्या त्या जडीबुटीच्या पुडीवाल्याने दिलेत. आता जमत आलंय, तर याने पक्कं होईल. रसातून द्या, कळायचं नाही."

सासूबाईंचा हात थबकला. "अहो वन्सं, ती नको म्हणालीय."

"वहिनी, तिला काय कळतंय? नातू हवाय ना तुम्हाला?"

नवरा दारात डबा भरून घ्यायला उभा होता. मी त्याच्याकडे पाहत होतो. निदान हा तरी नाही म्हणेल, असं वाटलं. तो म्हणाला, "घाल गं आई. तिला कळू देऊ नका म्हणजे झालं. उगाच कटकट नको." आणि डबा उचलून गेला.

मित्रांनो, बटण दाबलं की मला फिरावंच लागतं. ते खडे दळताना आलेला वास अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. गंजलेल्या खिळ्यांचा आणि कुजलेल्या पाण्याचा वास होता तो. रोज सकाळी तो हिरव्या रसात मिसळला जायचा आणि मास्तरीण घामेजून घरी आली की, "आई, तुम्ही किती करता माझं," असं म्हणत तो पेला रिकामा करायची. सासूबाई तेव्हा भांडी घासायला वळायच्या.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. यकृताला सूज होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या तिथल्या तिथे थांबवल्या आणि परत परत विचारलं, "काय घेता आहात?" मास्तरीण म्हणाली, "काहीच नाही हो, शपथ." घरी तर तिच्यावरच खापर फुटलं. "बाहेरचं खात असेल," आत्याबाई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मास्तरणीला स्वतःलाच थोडा रस हवा होता. झाकण घट्ट बसेना, म्हणून तिने केसातल्या पिनेने त्याची रबरी रिंग उचकटली. रिंगेखाली काळा चिकट गाळ साचला होता. सासूबाई भांडं लख्ख घासायच्या, पण रिंग काढून धुवायची असते हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. मास्तरणीने तो गाळ नाकाशी नेला. रोजच्या रसाचाच वास होता तो. मग ती ओट्यावरचा एकेक डबा हलवून पाहू लागली. पिठाच्या डब्यामागे पुडी सापडली, पुडीवाल्याचा शिक्का असलेली.

संध्याकाळी सगळे जमले. तिने उरलेले खडे रसात घालून मला फिरवलं आणि तीन पेले तिघांपुढे ठेवले. "पुडीवाल्याचं आहे. भल्याचंच असेल. घ्या."

"अगं, आम्हाला कशाला?" आत्याबाई म्हणाल्या. "आम्हाला कुठे काय झालंय?"

"मला तरी काय झालं होतं? पाळी पुढेमागे होत होती. आता यकृत सुजलंय."

नवऱ्याने पेला उचलला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "वास येतोय याला."

"मलाही यायचा," मास्तरीण म्हणाली. "मला वाटायचं, काकडी कडू निघाली. आईंनी केलाय म्हणून पीत होते."

सासूबाईंनी तोंड झाकून घेतलं. नवरा म्हणाला, "बरं, चुकलं. आता तमाशा नको." तिन्ही पेले भरलेलेच राहिले. मास्तरणीने माझा प्लग काढला, वायर गुंडाळली आणि मला काखोटीला मारलं. "हा माझा आहे," एवढंच ती म्हणाली.

आता आम्ही धाकट्या बहिणीकडे असतो. मास्तरणीचा नवा रिपोर्ट चांगला आला आहे. गोळ्या पुन्हा सुरू करता येतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवऱ्याचा फोन येतो तेव्हा ती एकच विचारते, "तपासणी करून आलास का?" तो "करतो, करतो" म्हणतो. ती म्हणते, "मग झाल्यावर बोलू." बाळ तिला अजूनही हवंच आहे. काल मोज्यांच्या दुकानासमोर ती पुन्हा थांबली होती, असं धाकटी सांगत होती.

आज सकाळी धाकटीने माझ्यात कलिंगडाचा रस काढला आणि पेला तिच्या हातात दिला. मास्तरणीने तो ओठांशी नेण्याआधी नाकाशी नेला. धाकटी पाहत राहिली.

"ताई, अगं, मी केलाय."

"हो गं," मास्तरीण म्हणाली, आणि एका दमात सगळा पेला संपवून तिने तोंड फिरवलं. तेव्हा मला त्या घराची जेवढी किळस आली, तेवढी खडे दळतानाही आली नव्हती.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. भांडं धुताना झाकणाची रिंग काढून धुवा. माझ्या रिंगेतला वास धाकटीने गरम पाणी आणि लिंबू लावून घालवला. मास्तरणीचं पेला हुंगणं मात्र अजून जात नाही. म्हणून, तुमच्या हातचा पेला कुणी न हुंगता तोंडाला लावत असेल, तर त्या माणसाशी नीट वागा.