लॉरीची एकादशी

चातुर्मासात सत्यभामेच्या देव्हाऱ्यात समईचा नंदादीप असे. चार महिने तो विझू द्यायचा नाही, हा तिचा नेम.

त्या संध्याकाळी गहिनीनाथ, तिचा नवरा, तोंड पाडून ओसरीवर बसला. दिंद्रुडच्या सुंदररावांची डिझेल लॉरी तो चालवायचा. रोज जवारीची पोती परळीच्या ठेसनावर न्यायची. हल्ली इंजिन खडखडत होतं.

"मालक म्हनले, आठ दिवसांत खडखड गेली न्हाई तर हैदराबादेहून दुसरा डायव्हर आनतो."

"तेल घालता ना येळंला?"

"रोज बघतो. कमी झालं की वरून वततो."

"आन् जुनं?"

तो चाचरला. "मिस्तरी म्हनला व्हता, दर हजार मैलाला समदं काढून टाक. पर डबाभर तेल मातीत वतायचं? पळीभर सांडलं तर माय उपाशी ठेवायची. आखितीच्या सणापासून काढलंच न्हाई."

सत्यभामा उठून देव्हाऱ्यापाशी गेली. तिनं नंदादीपावरून एक पणती लावून घेतली, ती देवापुढं ठेवली आणि मग समई उचलून त्याच्यापुढं तिरकी केली. तळाशी काळा, चिकट गाळ होता.

"मीबी रोज तेल घालते. पर आठवड्याला समई घासते. गाळावर चांगलं तेल वतलं तर तेबी गाळच हुतं. ज्योत तडतडाया लागती."

"ह्या गाळाचं काय करतीस मग?"

"दाराच्या बिजागरीला लावते. आपलं दार कधी वाजलंय का?"

गहिनीनाथ पहिल्यांदाच हसला.

सकाळी त्यानं इंजिन तापवलं आणि खालचा बोल्ट सोडला. डांबरासारखं तेल घमेल्यात पडू लागलं.

"सांडतो कावून बे?" गाडीवान बंकट ओरडला.

"सांडत न्हाई. तुझ्या गाडीच्या आसाला वंगण काढतोय. घिऊन जा."

नवं तेल भरलं. खडखड कमी झाली, पण गेली नाही. गहिनीनाथ आपणहून सुंदररावांकडं गेला.

"मालक, मिस्तरीनं सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाई. झिजलं ते भरून यायचं न्हाई, पर आता वाढू देनार न्हाई."

सुंदरराव बॉनेटला कान लावून उभे राहिले. "कशावरून?"

"घरात एकादशी चुकत न्हाई. पंधरा दिवसांत हजाराच्या आसपास मैल हुत्यात, त्याच दिशी तेल बदलीन."

"तुझा भरवसा न्हाई रे. पर सत्यभामेचा हाय." ते वळले. "जा, पोती भर."

पुढच्या एकादशीला गहिनीनाथ फराळाला बसला, तर सत्यभामेनं ताट पुढं केलंच नाही. आधी त्याचा हात उताणा-पालथा करून पाहिला. घासूनही नखं तेलानं काळीच होती.

मग तिनं भगर वाढली.