रविवारी आडवा होणारा दरवाजा

ठोठावू नका. आत्ता मी आडवा पडलोय आणि माझ्या पाठीवर रश्श्याचं मोठं पातेलं आहे. मी दरवाजा बोलतोय. हो, दरवाजाच. आठवडाभर झोपायच्या खोलीला उभा असतो आणि रविवारी दुपारी सगळ्यांच्या ताटांखाली जातो. असं का, ते सांगायचं तर आमच्या आबांपासून सुरुवात करायला हवी.

माझा जन्म काही मिरवण्यासारखा नाही. हलकं लाकूड, घाईघाईत मारलेला रंधा, आणि एकाच मापाचे भाऊ ढिगाने. त्यातले काही न्हाणीघरांना लागले, म्हणून मी आपलं नशीब थोर समजतो. मी लागलो तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. बरीच वर्षं भाडेकरू आले, मला आपटून गेले. कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मग एक रंगारी आला. दूर देशाहून आलेला, बरोबर बायको, कडेवर मुलगा आणि एक पत्र्याची ट्रंक. इथली भाषा त्याला चार शब्दांची येत होती, पण त्या चार शब्दांवर तो तासभर बोलायचा. तेच आमचे आबा. तेव्हा ते कोणाचेच आबा नव्हते. पुढे मुलगा म्हणायला लागला, त्याचं ऐकून अख्खी इमारत म्हणायला लागली. उच्चार मात्र ज्याचा त्याचा.

बायकोला सगळे माई म्हणत. त्या आबांच्या अगदी उलट. आबांच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि माईंच्या तोंडून शब्द निघायचा तो तोलूनमापून.

आबा दुसऱ्यांची घरं रंगवायचे. डब्याच्या तळाशी रंग उरला की मालकाला विचारून घरी आणायचे आणि मला फासायचे. आधी शिंप्याच्या दुकानाचा हिरवा, मग खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या स्वयंपाकघराचा पिवळा, मग कुठल्याशा दवाखान्याचा तो आजारी निळा. माझ्या अंगावर अख्खी वस्ती आहे म्हणा ना!

पहिल्यांदा हिरवा लावायचा होता तेव्हा आबांनी मला बिजागऱ्यांतून काढून दोन स्टुलांवर आडवं टाकलं. रंग लावून झाला आणि त्यांना आठवलं की नर्सबाईंना आणि समोर राहणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला आपण जेवायला बोलावलंय. घरात टेबल नव्हतंच. रंग वाळला असेल, असं म्हणून त्यांनी ताटं माझ्यावरच मांडली. रंग कुठला वाळतोय! जेवण झाल्यावर ताटं काही उचलेनात. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा ताट सुटलं आणि रस्सा आबांच्या सदऱ्यावर. नर्सबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या गोल खुणा अजून आहेत, वर कितीही रंग चढले तरी हाताला लागतात.

त्या दिवसापासून रिवाजच पडला. रविवार आला की आबा हातोडी घेऊन यायचे, "चला राव, कामावर," असं मला म्हणायचे आणि बिजागऱ्यांच्या खिळी काढायचे. खुर्च्या घरात दोनच, म्हणून ज्याने त्याने आपली खुर्ची घेऊन जिना चढायचा. ज्याचं घर रंगवलं त्याला आमंत्रण, ज्याने जिन्यात नमस्कार केला त्यालाही. एकदा तर पत्ता चुकलेला माणूस पोटभर जेवून गेला आणि पुढच्या रविवारी खुर्ची घेऊन आला.

माई म्हणायच्या, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." म्हणायच्या आणि पातेल्यात आणखी पाणी ओतायच्या.

एकदा बिजागऱ्यांची भोकं सैल झाली म्हणून आबा आणि ड्रायव्हर यांनी नवी भोकं पाडली. गप्पांच्या नादात मला उलट्या बाजूने बसवलं. आतली कडी बाहेर गेली. आबा म्हणाले, राहू दे, कोण बघतंय! पुढच्या रविवारी त्यांनी माईंना न सांगता आणखी चार डोकी बोलावली. माईंनी शांतपणे आबांना खोलीत जाऊ दिलं आणि बाहेरून कडी घातली. आता गंमत बघा, दरवाजा बंद म्हणजे टेबलही बंद. पाहुणे जमिनीवर मांडी ठोकून जेवले. आबा आतून माझ्या फटीला तोंड लावून सगळ्यांना आग्रह करत होते, आणि कोणाचा तरी विनोद अर्धाच ऐकू आला म्हणून परत सांगायला लावत होते. माईंनी त्यांचं ताट आत सरकवलं ते सगळ्यांचं आटोपल्यावर. दुसऱ्या दिवशी कडी मुकाट्याने आत गेली.

माणूस लाख होता आमचा आबा. पण एक सांगतोच, मला राहवत नाही. माईंना कोणी काही विचारलं, की उत्तर आबा द्यायचे. माईंना इथली भाषा अगदीच येत नव्हती असं नाही. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ आबांकडे नसायचा. नर्सबाईंनी एकदा विचारलं, इथे करमतं का? माई आपल्या भाषेत पुटपुटल्या, "या गर्दीने डोकं उठलंय." आबांनी लगेच इथल्या भाषेत सांगितलं, "ती म्हणतेय, पुढच्या रविवारी आणखी लोकांना घेऊन या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माईही हसल्या. मी मात्र त्यांच्या हाताखालीच होतो, त्यांची बोटं माझ्या कडेवर ताल धरावा तशी आपटत होती. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं तसंच पडून राहतं, ते काही खोटं नाही.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. आजारपण लांबलं नाही, शेवटच्या आठवड्यातही त्यांनी डॉक्टरांना जेवायला बोलावलं होतं. जिना माणसांनी भरून गेला. मला फार वाईट वाटलं. लाकडाला रडता येत नाही, पण त्या दिवसांत मी चौकटीत असा फुगून बसलो की मला खांद्याने ढकलावं लागायचं.

मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. तो आला, राहिला, आणि म्हणाला, आई, आता तू माझ्याकडे चल, हे घर सोडून देऊ. बोलणं बरोबरच होतं त्याचं. पोटतिडिकीनेच बोलत होता. "इथे एकटी काय करशील? तुला कोणाशी दोन शब्द बोलता येत नाहीत. आबा होते तोवर ठीक होतं."

माई उठल्या. खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. मुलाने सामान बांधायला घेतलं, आणि माई जेवण्यापुरत्या बाहेर येऊन परत आत जायच्या. मुलाला वाटलं, आई खचली. भिंतींना कान असतात म्हणतात, पण भिंतींना कसले कान, कान आम्हाला! मला आतलं ऐकू येत होतं. माई पलंगावर बसून इथल्या भाषेतले शब्द घोळवत होत्या. एक शब्द घ्यायच्या, चुकायच्या, स्वतःवरच चिडायच्या, परत घ्यायच्या. मला ओरडून मुलाला सांगावंसं वाटत होतं. पण मला फक्त करकरता येतं.

रविवार आला. नर्सबाई आणि ड्रायव्हर निरोप घ्यायला आले. सवयीने दोघांच्याही हातात खुर्च्या. मागे जिन्यात आणखी काही जण. मुलगा त्यांना बाहेरच्या दाराशी समजावत होता, की आईला आता माणसं नको वाटतात.

नर्सबाईंनी विचारलं, "त्यांचं स्वतःचं काय म्हणणं आहे? त्यांना खरंच जायचंय?"

मुलगा म्हणाला, "ती म्हणतेय..."

"थांब." आतून आवाज आला.

माझी कडी निघाली. मी फुगलेलो, तरी माईंनी मला एका झटक्यात ओढलं. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि इथल्या भाषेत बोलायला लागल्या. "मी," म्हणाल्या, आणि थांबल्या. ड्रायव्हर शब्द पुरवायला पुढे झाला तशी नर्सबाईंनी त्याचा दंड धरला. आमच्या घरात रविवारी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"मी इथे राहणार," माई म्हणाल्या. मग पुन्हा बराच वेळ गेला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मुलाचे ओठ हलत होते, पण त्यानेही शब्द गिळला. "हे माझं घर आहे. तुम्ही... माझी माणसं आहात."

व्याकरणाचा पार चुराडा झाला होता, मी आपलं सावरून सांगितलं. कोणाच्याही लक्षात आला नाही. मुलगा आईजवळ गेला आणि म्हणाला, "आई, मला माहीतच नव्हतं गं." माई म्हणाल्या, "तुझ्या बापालाही नव्हतं. हातोडी आण."

घर काही सुटलं नाही, सामान परत उघडलं. मुलगा महिन्याकाठी येतो. माणसं पूर्वीइतकी येत नाहीत, पण येतात, आणि जेवण लांबतं. माई सध्या ड्रायव्हरला आबांच्या गोष्टी सांगताहेत. आबांनी सांगितलेल्या नव्हेत, खऱ्या.

तुम्हीही या कधी. आबा नाहीत, त्यामुळे आग्रह कोणी फारसा करणार नाही. एवढीच विनंती आहे, माईंना काही विचारलंत तर उत्तर यायला जरा वेळ लागेल. घास हातात धरून ठेवा, इकडेतिकडे बघा, हवं तर माझ्या अंगावरचे रंग मोजा. पण मध्ये बोलू नका.