आईच्या मापाची कवळी

“तोंड उघड की आता,” भाऊजी म्हणाले. “तुझीच पाळी आहे.”

वर्षातला शेवटचा रविवार. जेवणं झाली होती, ताटं अजून टेबलावरच होती. आईशिवायचं घर फार गप्प वाटतं म्हणून भाऊजींनी खेळ काढला होता. एकेकाने आपलं वर्ष सांगायचं. काम, छंद, श्रद्धा. प्रत्येकावर एक वाक्य. भाऊजींचं स्वतःचं सांगून झालं होतं. निवृत्ती, बासरीचा क्लास आणि पहाटेचं ध्यान. त्यांचं एक वाक्य चहा गार होईपर्यंत चाललं होतं.

“यांचं आपलं काहीतरीच,” ताई म्हणाली. “नसेल सांगायचं तर नको सांगूस रे.”

“सांगतो की.”

काम.

“काम बदललं. आता पार्सलच्या गोदामात आहे,” तो म्हणाला. “बरं आहे.”

(जे बोलला नाही ते: मिसरूड फुटल्यापासून तो एका लॅबमध्ये कवळ्या करत होता. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे. त्यात प्लास्टर ओतून तो साचा काढायचा, साच्यावर मेणात दात लावायचा, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिकची हिरडी भरायचा, उकळायचा, घासायचा. गल्लीत त्याला कवळीवालाच म्हणत. माणसं त्याने कधी पाहिली नाहीत. तोंडं मात्र गणती नाही इतकी हाताखालून गेली.

वर्षाच्या सुरुवातीला लॅबच्या मालकाने कवळ्या छापणारं यंत्र घेतलं. त्या दिवशी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. यंत्राने छापलेली पहिली कवळी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती उलटीपालटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. कुठे खोट सापडते का ते पाहिलं.

“कशी आहे?” मालकाने विचारलं.

“चांगली आहे.”

“मला माहीत होतं, तू खोटं बोलणार नाहीस,” मालक म्हणाला. मग त्याचा हिशेब चुकता केला.

गोदामात त्याच्या हातात एक बंदुकीसारखं यंत्र देतात. ते खोक्यावर धरायचं, टीक वाजलं की पुढचं खोकं. बोटांना काहीही कळावं लागत नाही.)

“बरं आहे म्हणजे?” भाऊजी म्हणाले. “नव्या क्षेत्रात उडी घेतलीस! या वयात! असं सांग की.”

“हो. उडी घेतली.”

छंद.

“कुकरचं सांगा ना,” बायको म्हणाली आणि स्वतःच हसली.

“घरी एक कवळी केली.”

“हा काय छंद झाला? लोक बासरी शिकतात.”

“तुमच्या बासरीमुळे शेजारी घर विकायला निघालेत,” ताई म्हणाली. “याच्या छंदाचा आवाज तरी होत नाही.”

(उन्हाळ्यात आई हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा तिची जुनी कवळी हरवली. कागदी रुमालात गुंडाळून तिने ताटात ठेवली आणि ताटाबरोबर ती कचऱ्यात गेली. आई घरी आली ती गाल आत गेलेले घेऊन.

खाण्याचं तिला काही वाटलं नाही. तिला प्रार्थना म्हणता येईना. जन्मभर रोज सकाळी म्हटलेली प्रार्थना, आणि आता तिचे शब्द नुसते वाफेसारखे बाहेर यायचे.

“मलाच कळत नाही मी काय बोलते ते,” ती म्हणायची. “त्याला काय कळणार?”

“त्याला सगळं कळतं, आई.”

“तू नको सांगूस. तू हल्ली शेजारी बसून नुसते ओठ हलवतोस. कवळीवाल्याची आई आहे मी. तोंड बघून कळतं मला.”

ते खरं होतं. गोदामात जायला लागल्यापासून त्याचं मनापासून म्हणणं थांबलं होतं. भांडण नाही, राग नाही. नळाचं पाणी जातं तसं गेलं.

“जायच्या आधी एकदा धड म्हणू दे,” आई म्हणाली. “एवढं कर.”

डेंटिस्टकडे माप घ्यायला नेलं. मापाचा ओला लगदा तोंडात गेल्याबरोबर तिचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. पुन्हा प्रयत्न नको, असं डेंटिस्टच म्हणाला. ढिल्या कवळीला आतून मऊ अस्तर लावता येतं, पण तेही तोंडातच घट्ट व्हावं लागतं.

आईचा जुना साचा मात्र कपाटात होता. हरवलेली कवळी त्याने त्याच साच्यावर केली होती. जुन्या साच्यावर नवी कवळी करायची नाही, हे लॅबमध्ये झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं; हिरड्या झिजतात, तोंड तेच राहत नाही. पण जुनी कवळी ढिली होऊनही आईने चालवली होतीच की. जिभेने सावरून, गालाने धरून. ही पण चालवेल.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याने मेण तापवलं. दात लावताना कितीतरी दिवसांनी बोटं जागी झाली. समोरचा एक दात मूळचा थोडा तिरपा होता, तो त्याने तसाच तिरपा लावला. मग सगळं पितळी पेटीत आवळून कुकरच्या पाण्यात ठेवलं.

“अहो, उद्या त्यातच बटाटे उकडायचेत मला!” बायको ओरडली.

“त्यांनाही दात येतील.”

आतून आई हसली. वर्षभरात तो एकदाच विनोद करू शकला.)

“आणि श्रद्धा?” भाऊजींनी विचारलं. “इथे सुटका नाही हं.”

“रोज प्रार्थना म्हणतो,” तो म्हणाला. “आईचीच. न चुकता.”

ताईने पदर डोळ्यांना लावला. “बघा,” ती नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या ध्यानापेक्षा हे बरं.”

भाऊजींनी टाळी वाजवली.

(कवळी आईच्या तोंडात ठेवली आणि बघताक्षणी त्याला कळलं. आजारपणात तिच्या हिरड्या पार सपाट झाल्या होत्या, गालांत जोर उरला नव्हता. कवळीची वरची पट्टी खाली आली.

“बसली,” आई म्हणाली. दोन बोटांनी पट्टी वर दाबून धरत म्हणाली. तशाच बोटांनी तिने प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला पट्टी निसटून मांडीवर पडली.

आईने पट्टी उचलून दातांवरून बोट फिरवलं.

“दात सुंदर झालेत,” ती म्हणाली. “तिरपा पण ठेवलास. आता माझ्या वाटचं तू म्हण. ओठ हलवू नकोस, म्हण.”

त्याने म्हटली. एकेक अक्षर स्वच्छ, जागच्या जागी. आत कुठेच काही टेकलं नाही. आई डोळे मिटून ऐकत होती, तिला समाधान वाटलं असावं, आणि त्या समाधानाखाली काहीच नाही हे एकट्या त्याला माहीत होतं.

मग रोज सकाळी तसंच. एकदा प्रार्थना निम्म्यावर असताना त्याच्या लक्षात आलं की ऐकणारं आता कोणी नाही. त्याने आईचा हात हातात घेतला आणि उरलेली पुरी केली. काम अर्धवट टाकायची सवय नव्हती.

अजूनही म्हणतो. जिथून आईची खाट हलवली तिथे, भिंतीकडे तोंड करून.)

“चला, फोटो!” भाऊजी उठले. “वर्षाचा शेवट हसत करायचा.”

“खुर्ची आणतो,” असं म्हणून तो आतल्या खोलीत गेला.

कपाटात साचा होता, शेजारी झाकणाच्या वाडग्यात पाण्यात कवळी. त्याने ती काढून पुसली आणि साच्यावर ठेवली. जराही जोर लावावा लागला नाही. कडेने नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. इतकी नेमकी बसलेली कवळी त्याच्या हातून क्वचितच झाली असेल.

“अहो, येताय ना?” बाहेरून बायकोची हाक आली. “भाऊजी ताटकळलेत.”

“आलो.”

कवळी कोरडी पडली की वाकते. त्याने वाडग्यातलं पाणी ओतून टाकलं, ताजं भरलं, कवळी त्यात सोडली आणि वर झाकण ठेवलं.