रस्त्याची उंची कोण ठरवतं?

आमचं घर तुम्ही बुडवलंत. पाण्याने नव्हे, रस्त्याने. जुना थर खरवडून काढायचं सोडून त्याच्यावरच नवा थर टाकत गेलात. कोलशेतला आमच्या घरात पूर्वी पायऱ्या चढून यावं लागायचं, आता उतरून यावं लागतं. नाव कोणाचं घेऊ? पालिकेच्या रस्ते खात्यात खुर्चीवरचं नाव दर वेळी बदलतं आणि रस्ता मात्र वर येतच राहतो.

मी समिधा. आईवडिलांजवळ राहते. माझी आई, मनुबाई, डोक्यावर पाटी घेऊन माजिवड्यापर्यंत मासळी विकत फिरलेली बाई. गेल्या वर्षी तिची उजवी बाजू लुळी पडली. आता वॉकर धरून सपाटीवर चालते. पायरी आली की थांबते आणि कोणीतरी येईपर्यंत तशीच उभी राहते. हाक मारत नाही. हात मागणं तिला जमलेलंच नाही कधी. घर दुरुस्तीला काढलं ते एवढ्यासाठीच, की आईला कोणाच्या आधाराशिवाय रस्त्यावर जाता यावं.

घरातलं काम सोपं होतं. देवराम मिस्त्रीने मोरीचा दरवाजा रुंद केला, उंबरा उखडला, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे लावले.

"दांडा पक्का बसवलाय ताई. आज आईला, उद्या तुला."

"मला आत्ताच म्हातारी केलीस?"

"तू आरामात हो. दांडा कुठं पळत नाय."

अंगणात एका कडेला कमरेएवढे उंच वाफे बांधले. मिरच्या, अळू, गवती चहा. आईला वाकायला नको, पुढे मलाही नको.

अडलं ते अंगणाच्या दारात, रस्त्यापाशी. देवराम म्हणाला, अंगणात भराव टाकू, रस्त्याच्या लेव्हलला आणू.

माझा बा, दामाजी, जामाच्या झाडाखाली बसला होता. "खोड गाडलास तं झाड मरंल. आन् घराचं काय करशील? घर हाय का विहीर?"

"मग सिमेंटचा रॅम्प करू."

"आजच्या रस्त्याला लागंल. पुढच्या रस्त्याला?"

म्हणून मी तुमच्या ऑफिसात आले. पुढचा थर कधी, किती जाडीचा, एवढंच विचारायचं होतं.

तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचं घर खाली गेलंय."

"घर आहे तिथंच आहे. रस्ता वर आलाय."

"लेव्हल ठेकेदार बघतो."

ठेकेदाराला गाठलं. तो म्हणाला, लेव्हल साहेब ठरवतात. परत तुमच्याकडे आले, तर साहेब साइटवर. साइटवर गेले, तिथे एक कुत्रा झोपला होता. निदान तो खोटं तरी बोलला नाही.

घरी येऊन बाला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. आयुष्यभर होडी चालवलेला माणूस, म्हणाला, "धक्क्याला होडी लागली का फली टाकतो ना आपण? भरतीला सपाट, ओहोटीला चढ. होडी काय धक्क्याला चिकटवतो?"

देवरामच्या डोक्यात लगेच उजेड पडला. रस्त्यावरचं पावसाचं पाणी अडवायला दारात विटांचा बांध घातला. लोखंडी चौकट, वर खरखरीत पत्रा, दोन्ही बाजूंना कठडा, अशी लांबलचक फळी केली. तिचं वरचं टोक बांधावर टेकलेलं, खालचं अंगणात मोकळं. रस्ता वाढला तर बांधावर विटा चढवायच्या आणि फळीचं टोक उचलून त्यांच्यावर टेकवायचं. फोडाफोडी नाही.

आई पहिल्यांदा चढली तेव्हा बा मागून जायला उठला.

"बस खाली," आई म्हणाली. "मना पकडाया येतोस, मी काय मासली हाय?"

बा बसला. आईने वॉकर एकेक पाऊल पुढे टाकला. मधे थांबली, श्वास घेतला, पुन्हा चालली. वर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. एक रिक्षा थांबली.

"कुठे जायचंय, मावशी?"

"कुठं नाय. उभी हाय."

बराच वेळ उभी होती. मी आतून बघत होते. तिने मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी देवराम मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, फळीला अजून एक थर सोसंल. रस्ता त्याच्यावर गेला तर फळीचा चढ खडा होईल, वॉकर मागे सरकंल. लांब करायला अंगण उरलं नाय."

हे मी आईला सांगितलेलं नाही. ती रोज सकाळी एकटी वर जाते.

म्हणून तुम्हाला विचारते. पुढच्या वेळी नवा थर टाकायच्या आधी जुना काढणार आहात की नाही? ठेकेदाराकडे पाठवू नका. साहेब साइटवर आहेत, हेही नको. हो की नाही, तेवढं सांगा.