हृदय पाहिल्याशिवाय भूल नाही!

मी एक जुने इको मशीन आहे. जुने म्हणा, चालेल. पण भंगार म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे! छातीवर माझा दांडा टेकवला, की आतले हृदय माझ्या पडद्यावर हलताना दिसते. मी सुई टोचत नाही, कापत नाही. माणसाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढतो.

मित्रांनो, कारखान्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या पोटातली एकेक तार बसवली. दवाखान्यात आलो तेव्हा माझा काय थाट होता! हृदयविकाराच्या रुग्णाचे मोठे ऑपरेशन ठरले, की आधी माझी आठवण निघे. झडपा नीट उघडतात का, हृदय जोराने रक्त ढकलते का, हे मी दाखवत असे. मगच भुलीचे ठरे.

पुढे एक नवे, चकचकीत मशीन आले. मला मोडक्या खुर्च्यांशेजारी ढकलले आणि वर चादर टाकली. येणारेजाणारे माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. मला ‘ठोकळा’ म्हणू लागले. मी मनात चरफडे. अरे, वीज तर जोडून बघा!

एके सकाळी एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर न्हाणीघरात पडले. खुब्याचे हाड मोडले, म्हणून त्यांना आमच्या दवाखान्यात आणले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. जिना चढताना त्यांना धाप लागे, मध्येच घेरीही येई.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, “ईसीजी झालाय. आता उशीर नको. या वयात पडून राहिले तर छातीत कफ भरेल.”

ते खोटे बोलत नव्हते. पण भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी उस्तादांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“ठोक्यांत घरघर आहे. झडपेची शंका येतेय. इको बघितल्याशिवाय मी भूल देणार नाही.”

“नवीन मशीन दुरुस्तीला गेलंय, बाई,” नर्स म्हणाली.

“मग ठोकळा आणा!”

चादर निघाली. माझा पंखा खोकला, पडदा लुकलुकला, आणि मी जागा झालो. बाईंनी दांडा उस्तादांच्या बरगड्यांमध्ये टेकवला. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त देणारी झडप चुना साचून कडक झाली होती. तिची फट कशीबशी उघडत होती. मी ती स्वच्छ दाखवली.

उस्तादांच्या लेकीने विचारले, “म्हणजे ऑपरेशन होणार नाही?”

“होणार,” बाई म्हणाल्या. “पण कमरेत सुई देऊन नेहमीची भूल नको. रक्तदाब एकदम कोसळला, तर हे हृदय सावरायचं नाही. वेगळी भूल देऊ, हळूहळू. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब बघू. तरी धोका आहेच.”

लेकीचे डोळे भरले. उस्ताद मात्र उसळले.

“रडतेस काय पोरी? ब्रेक कमजोर आहे हे घाटाआधी कळलं, तर ड्रायव्हर गाडी सोडून पळतो का? गिअर खाली टाकतो! बाई, तुम्ही चालवा गाडी. मला अंथरुणात सडायचं नाही.”

ऑपरेशन सुरू झाले. मध्ये एकदा रक्तदाब घसरलाच. पण बाईंनी औषध आधीच तयार ठेवले होते. तो लगेच सावरला. बाहेर आल्यावर हाडांचे डॉक्टर म्हणाले, “बरं झालं, तुम्ही अडून बसलात.”

काही दिवसांनी उस्ताद वॉकर धरून उभे राहिले. घामाने डबडबले, लेकीचा हात झिडकारला आणि दारापर्यंत चालत गेले. झडपेचा इलाज हृदयाचे डॉक्टर पुढे करणार आहेत. त्यालाही ते तयार आहेत.

मित्रांनो, प्रत्येक ऑपरेशनाआधी मी लागतोच असे नाही. पण जुना हृदयविकार असेल, धाप लागत असेल, घेरी येत असेल, तर डॉक्टरांना तसे सांगा. घाईत हृदयाला वगळू देऊ नका. आणि माझी काळजी घ्या. दांडा आपटू नका, केबल पिरगाळू नका, पंख्यातली धूळ काढा. थकेन तेव्हा मी आपणहून बंद पडेन, तुम्ही ढकलायची गरज नाही. तोवर वाटेतून बाजूला व्हा आणि पुढच्या रुग्णाला आत येऊ द्या!