वहीचं सातवं पान

मी एक जुनी वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. मित्रांनो, आज मी पत्र्याच्या पेटीत घोंगडीखाली पडून असते आणि माझं सातवं पान बारा महिने ओलं असतं. ते का, तेच सांगते.

गोंदियातल्या एका दुकानात माझी शिलाई झाली. १९५२ साली दवनीवाड्याकडचे केशोराव तलाव समितीचे अध्यक्ष झाले आणि मला घेऊन आले. सभा साहेबी थाटात चालवायची त्यांना भारी हौस. रेल्वेतून निवृत्त झालेल्या यादोरावांनी माझ्यात इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहून दिली, समोर अर्थ. 'लेट अस बिगिन', म्हणजे सुरुवात करू या. 'वन अ‍ॅट अ टाइम, प्लीज', म्हणजे एकेकाने बोला. सातव्या पानावर 'एनी ऑब्जेक्शन?', म्हणजे कोणाची हरकत आहे का? त्याखाली 'कॅरिड', म्हणजे ठराव मंजूर. केशोराव गोठ्यात बैलांपुढे सराव करायचे, बैल शिस्तीत ऐकायचे. गावभर माझं कौतुक झालं आणि मीही फुगले.

पुढच्या उन्हाळ्यात तलावाची पाळ दोन हात उंच करायचा ठराव आला. पाळ वाढली की पाणी पसरून धुरपताबाईची एकुलती एक धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, बुडणार होती. विधवा बाई, तिचं पोट त्याच बांधीवर. केशोरावांनी तिला शब्द दिला, "सभेत मी हरकत इचारीन, तवा बोलजो. तुह्यासाठी दुसरी जागा काढू."

चावडीतल्या सभेला भंडाऱ्याहून सरकारी साहेब आले. त्यांच्यापुढे आपली बोली काढायची केशोरावांना लाज वाटली. मला हातात धरून त्यांनी खणखणीत विचारलं, "एनी ऑब्जेक्शन?"

धुरपताबाई खांबाला टेकून बसली होती, आपल्याला कधी विचारतात याची वाट बघत. कोणीच बोललं नाही. "कॅरिड," केशोराव म्हणाले. साहेबांनी शाबासकी दिली, त्या भरात दिलेला शब्द ते विसरले.

साहेब ठराव घेऊन गेले, माणसं पांगली, तरी ती बसूनच होती. म्हणाली, "भाऊ, हरकत कवा इचारता?"

"इचारली ना, बाई. मंजूर झालं ते."

पावसाळ्यात बांधी बुडाली. धुरपताबाई तिरोड्याला भावाकडे गेली आणि पोळ्याच्या आधीच वारली.

दिवाळीनंतर भर दुपारी सभा भरली. केशोरावांनी सातवं पान उघडून तेच विचारलं आणि खांबापासून हळू आवाज आला, "भाऊ, हरकत कवा इचारता?" तिथे कोणी नव्हतं. बाकीच्यांनी काही ऐकलं नाही. केशोरावांनी मात्र ऐकलं होतं, त्यांनी मला फटकन मिटलं. त्या पानाला तलावाच्या गाळाचा वास येऊ लागला, शाई पसरली. मग दर सभेला तेच. त्यांची बोबडी वळायची. लोक हसायला लागले, मी कोनाड्यात धूळ खात पडले.

शेवटी एका दुपारी ते मला घेऊन रिकाम्या चावडीत आले. खांबासमोर बसले, मला मिटून बाजूला ठेवलं.

"धुरपताबाई, तुही हरकत हाये काय?"

"हाये," आवाज आला.

केशोराव मला उघडून पानं चाळू लागले. पुढे काय बोलायचं, ते माझ्या एकाही पानावर लिहिलेलं नव्हतं.

मित्रांनो, इंग्रजी जरूर शिका, वह्या जपा. पण ज्याचं नुकसान व्हायचं आहे, त्याला त्याच्या बोलीत विचारा, तो बोलू शकतो तोवरच विचारा. तिला विचारून झालं, आता माझं पान वाळायला हवं होतं. ते वाळत नाही.