अहो, या ना परत

गल्लीतली पोरं तिला रेडिओकाकू म्हणायची आणि तिला त्याचा राग येत नसे. आवाजच तसा होता. भाजीवाल्याशी घासाघीस करताना किंवा शेजारणीच्या सुनेची समजूत काढताना तो असा काही लागायचा, की समोरचा माणूस आपलं म्हणणं विसरून तिचंच ऐकत बसायचा. गावातल्या बहुतेक जाहिराती तिच्या आवाजात असत. चपलांचा सेल, दातांचा दवाखाना, हरवलेलं मूल, आणि निवडणूक आली की जो आधी दार वाजवेल त्याचा प्रचार.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे शिलाई मशीनच्या दुकानामागची अडगळ. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि काम सुरू झालं की पंखा बंद, त्यामुळे माणूस आत अक्षरशः शिजून निघायचा. ती खोली चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की माइकसमोर गर्दीशी बोलायचं नाही, एकाच माणसाशी बोलायचं. तो माणूस डोळ्यांसमोर आणायचा आणि मगच तोंड उघडायचं. तिने ते मनावर घेतलं. चपला असोत नाहीतर दात, ती नवऱ्याशी बोलायची. नवरा जवळ नसल्यामुळे तो डोळ्यांसमोर आणायला फार कष्ट पडत नसत.

नवरा फिटर होता. गावातला कागद कारखाना बंद पडला तेव्हा तो लांबच्या एका बंदरावर जहाजं दुरुस्त करायच्या कामाला गेला. वर्षातून एकदा घरी यायचा, आणि तोही पाहुण्यासारखा. स्वतःच्या घरात टॉवेल कुठे आहे म्हणून विचारायचा. कारखाना चालू असताना गावभर सडक्या अंड्यांसारखा वास सुटायचा. तेव्हा ती रोज कारखान्याच्या नावाने बोटं मोडायची आणि नवऱ्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. आता हवा कशी स्वच्छ होती, आणि ही बाई कपाटातला त्याचा जुना सदरा काढून त्याला नाक लावून बघायची. त्यातला वास कधीच उडून गेला होता. तिला स्वतःची लाज वाटायची, तरी ती बघायची.

यंदा तिचं दार साहेबांच्या पुतण्याने आधी वाजवलं. साहेब निवडणुकीला उभे होते, आणि साहेब म्हटलं की पुतण्या आलाच; भाषणं सोडली तर सगळं तोच बघायचा. त्याने आणलेला मजकूर तिने दोनदा वाचला. साहेब निवडून आले की कागद कारखाना पुन्हा सुरू करणार होते. शेवटचं वाक्य होतं, 'कामगार बंधूंनो, आपल्या माणसांत परत या.'

मास्तरांनी पंखा बंद केला आणि तिने वाचायला सुरुवात केली. कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजणार, असं म्हणताना तिला तो खरोखरच ऐकू आला, आणि पाठोपाठ दारात वाकून चपला काढणारा नवरा दिसला. पुढे कागदावर काय लिहिलंय ते तिने पाहिलंच नाही.

"अहो, या ना परत," ती म्हणाली.

मग तिने जीभ चावली. चुकलं, पुन्हा घेऊ, म्हणून ती मास्तरांना विनवू लागली. मास्तर तिच्याकडे न बघता पंखा लावायला उठले आणि म्हणाले, की पुन्हा घेऊन यापेक्षा बरं येणार नाही, आहे ते राहू दे.

ती जाहिरात कामगार वस्तीत शिरली आणि वस्तीने ती डोक्यावर घेतली. अर्ध्या घरांतली माणसं अशीच बाहेरगावी गेलेली. प्रचाराची गाडी कोपऱ्यावर आली, की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, त्या 'अहो'ला एकमेकींना कोपराने ढोसून हसायच्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावायच्या. ज्याला त्याला ती आपल्या फोनवर हवी होती. घरी सासूबाईंनी तर लेकाची गादी उन्हात टाकली. वर तिलाच ऐकवलं, की एवढं गावाला सांगत सुटलीस ते आम्हाला घरात आधी सांगायचं होतंस.

ती हसली. त्या आठवड्यात ती उगाच हसायची. तिने त्याच्यासाठी खुंटीसुद्धा रिकामी केली.

आणि मग पुतण्या पुन्हा आला. नव्या कॉलनीत साहेबांच्या माणसांनी घरोघर फिरून मतांचा अंदाज घेतला होता. कॉलनीवाल्यांना कारखाना नको होता. वास येतो म्हणून घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही, ही त्यांची भीती. कॉलनीतली मतं वस्तीपेक्षा जास्त निघाली होती. तेव्हा कारखाना आता उघडणार नव्हता, त्या जागी बाग होणार होती, आणि हे सांगायला तोच आवाज हवा होता, कारण लोकांचा त्यावर विश्वास बसला होता. वस्तीतल्या गाडीवर जुनीच जाहिरात चालू राहील, पुतण्याने समजुतीच्या सुरात सांगितलं. तिकडे कशाला उगाच लोकांची मनं मोडायची?

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती तडक साहेबांच्या कचेरीत गेली. भाषणं करकरून साहेबांचा घसा बसला होता आणि ते गरम पाणी फुंकर मारून पीत होते. समोर बघितलं तर माणूस वाईट दिसत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, स्वतः उठून पाणी दिलं. कारखान्याचं नक्की काय, असं तिने सरळ विचारलं.

"ताई, तेव्हाही मी खरंच बोलत होतो आणि आताही खरंच बोलतोय," साहेब म्हणाले. "मध्ये फक्त मतं मोजली."

"आणि जे तुमच्या शब्दावर सामान बांधतील त्यांनी काय करायचं?"

साहेबांनी पेल्यात बघितलं. शब्दावर एवढं कुणी सामान बांधत नाही, असं ते म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मग ती निघताना त्यांना आठवलं, की ते 'अहो' फार चाललं, तेवढं नव्या जाहिरातीतही घाला.

ते मात्र तिने घातलं नाही. नवी जाहिरात तिने केली, कारण ती नाही म्हणाली असती तर दुसऱ्या कुणी केली असती, आणि कारण वर्षभर गावातली बाकीची कामंही पुतण्याच्या ओळखीनेच यायची. ही कारणं तिची तिलाही पटली नाहीत. मास्तरांनी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, पण वाक्यं नुसती तोंडातून सांडत होती. शेवटी मास्तर म्हणाले, जाऊ दे, बागेबद्दलच तर आहे. कॉलनीत ती जाहिरात वाजली, आणि आवाजाची कटकट नको म्हणून कॉलनीवाल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

सासूबाईंना तिने काही सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणत दिवस ढकलले. उन्हातली गादी आत आली, तिला नवी खोळ चढली.

नवऱ्याचा फोन रविवारी यायचा, हा नेम होता. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी दुपारी फोन वाजला. ती स्वयंपाकघरात एकटीच होती. सासूबाई शेजारी लेकाच्या येण्याची बातमी पोचवायला गेल्या होत्या. तो जेवणाच्या सुट्टीत, गोदीच्या भिंतीआड उभा राहून बोलत होता. मागे कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. तिची जाहिरात एका सोबत्याच्या फोनवर आली होती, आणि नवऱ्याने ती इतक्यांदा ऐकली होती, की खोलीतली बाकीची माणसं त्याला 'अहो' म्हणून चिडवत होती. मग तो मुद्द्यावर आला. मालक पुढच्या दोन वर्षांच्या करारावर आज सही मागत होता. केली की मध्ये सोडता येणार नव्हतं.

"मी नाही म्हणून सांगतो त्याला," तो म्हणाला. "कारखाना उघडतोय ना? तू सांगतेस म्हटल्यावर मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."

तिने नुसतं 'हो' म्हटलं की झालं. एवढ्या एका शब्दाने तो चार दिवसांत दारात उभा राहिला असता. मग काम मिळालं नसतं, त्याने महिनाभर वाट बघितली असती, मग चिडला असता, पण तो घरात चिडला असता. तिला तो इतका हवा होता, की तेही चाललं असतं. तिने ओट्याची कड घट्ट धरली.

"नाही उघडत," ती म्हणाली. "साहेबांनी शब्द फिरवला. आता तिथे बाग करणार आहेत."

हातोडा वाजत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, की मग ते सगळं खोटंच बोललीस का.

"कारखान्याचं खोटं निघालं. शेवटचं कागदावर नव्हतं. ते माझं होतं."

आणि मग ती बोलतच सुटली. दोन वर्षं म्हणजे फार नाहीत, आईंची तब्येत छान आहे, इथली काळजी करू नका, तुम्ही निश्चिंत मनाने सही करा. सगळं कसं स्वच्छ, एकही अडखळ नाही.

"हे गाडीवरचं झालं," तो म्हणाला. "घरातलं बोल. एकदाच. ते परत म्हण."

"कशाला? मग तुम्ही निघाल."

"नाही निघत. म्हण."

जो आवाज अख्ख्या वस्तीला पुरला होता तो आता तोंडातून बाहेर येईना. तिने घसा साफ केला, पदराने नाक पुसलं, आणि भिंतीकडे तोंड करून, जेमतेम ऐकू येईल एवढ्यानेच म्हणाली, "अहो, या ना परत."

पलीकडे त्याने श्वास घेतलेला तिला ऐकू आला. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि पत्र्यावर आणखी दोन-तीन हातोडे पडायला लागले.

"हं," तो म्हणाला. "आता सही करतो."